दीड नंबरचं रीड

साडेसहाला जॅकी कोट चढवून निघते,
कॉम्प्रेसर गप्प होतो,
आणि ग्रिम्सबीत, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
दोन नंबरच्या खोलीत
मी पेशंटच्या खुर्चीवर बसते.
पेटी उघडते.
(मिरजेत पेटी म्हटलं की भात्याची. ही नव्हे.
हिच्यात जांभळ्या मखमलीवर सॅक्सोफोन,
भाड्याचा, महिना अठरा पौंड.)

कॅलम म्हणाला होता, खालचा ओठ दातांवर आत दुमडा,
कवळी काढून ठेवलेलं माणूस दिसतं ना, तसा.
वरचे दात नुसते टेकवा. चावू नका.
चावू नका, हे मला सांगतो तो,
ज्याची डावीकडची खालची दाढ मी दोनदा भरली,
आणि जो सहा महिन्यांचं चेकअप
दीड वर्षं चुकवतोय.
पहाटे मासळीबाजारात हॅडकची खोकी उचलतो;
माझी बोटं कळांवर नीट बसवायला वाकला
की बर्फाचा वास येतो.
चोवीस वर्षांचा आहे. मिसेस खाडिलकर म्हणायचं सोडत नाही.
तीस वर्षं मी लोकांना सांगत आले, आ करा.
हा सांगतो, मिटा.

रीड दीड नंबरचं. नवशिक्यांना तेच देतात.
दीडशहाण्यांसाठी असावं.
बोरूच्या जातीचीच काडी, चपटी तासलेली,
चव आइस्क्रीम संपल्यावर उरते तिची.
पहिल्या आठवड्यात नुसती हवा.
दुसऱ्यात बदक.
तिसऱ्यात असं काही किंचाळलं
की खालच्या बेटिंगच्या दुकानातला माणूस जिना चढून आला,
म्हणाला, भूल द्यायची राहिली का कुणाला?

जन्म मिरजेचा.
शाळेच्या वाटेवर सुकायला टांगलेले भोपळे,
उंबऱ्याशी तारेला कान लावून बसलेली माणसं,
आणि मी एका वाद्याला हात लावला नाही.
गॅदरिंगच्या समूहगीतात नाखरेबाईंनी
मागच्या रांगेत उभं केलं, वर कानात सांगितलं,
तू ओठ हलव नुसते.
हलवले. छान हलवले.
सगळ्यांना बक्षीस मिळालं, स्टीलची वाटी.
तिच्यातच आता रीड भिजत घालते.

हा ऑल्टो. याच्यावर जी वाजवला
तर पियानो त्याला बी-फ्लॅट म्हणतो.
कॅलमला वाटलं, मी गोंधळेन.
म्हटलं, आमच्याकडे सा ठेवाल तिथे असतो.
तो जरा वेळ गप्प राहिला.
मग म्हणाला, तरी तुमचा जी खालीच आहे, मिसेस खाडिलकर.

लांब सूर. रोज दहा मिनिटं, तोच तो.
पाटीवर अ गिरवावा तसा,
पेन्सिल झिजेस्तोवर.
सुरुवात बरी असते. शेवट थरथरतो,
पहिलं इंजेक्शन देताना माझा हात थरथरला होता
तितकाच, आणि तेव्हा समोर माणूस होता.
सहा सेकंद. आठ. पुन्हा सहा.
एका मंगळवारी चौदा.
ऐकायला कुणी नव्हतं.
बाहेर ओहोटी, हंबरचा चिखल उघडा पडलेला,
शेल्फवरचा प्लास्टरचा जबडा तेवढा आ वासून.

संपलं की दोरीला बांधलेलं कापड आतून ओढायचं.
बाहेर येतं ते ओलं, पितळेच्या वासाचं.
आजवर लाळ हाताळली ती दुसऱ्यांची, हातमोज्यांतून.
ही उघड्या बोटांवर. कोमट.
मी लगेच पुसत नाही.

गुरुवारी दुपारी कॅलम येतोय, एकदाचा. दाढ ठणकतेय.
दिवा त्याच्या तोंडावर वळवीन,
म्हणेन, आ करा,
नळी लावीन, आरसा आत घालीन,
आणि मग चौदाचं सांगेन.
जी खाली होता का,
हे विचारता येणार नाही त्याला.